अब्बांच्या मोबाईलमधली दोनशे चौदा माणसं

आमच्या अब्बांच्या मोबाईलमध्ये दोनशे चौदा माणसं राहत होती. एका गुरुवारी दुपारी मी, कुठलीही वायर न वापरता, त्या सगळ्यांची घरं बदलली.

अब्बांचा यवतला मंडपाचा धंदा. बांबू, कापड, खुर्च्या, कढया, पातेली. 'बाबूभाई मंडपवाले' म्हटलं की दौंडपासून शिरूरपर्यंत कुणीही घर दाखवील. आणि हा सगळा धंदा ते मोबाईलवर चालवायचे. त्यांची मोबाईलवर बोलायची पद्धत वेगळी होती. पलीकडून आवाज यायच्या आधीच ते सुरू व्हायचे आणि स्वतःचं संपलं की फोन बंद. समोरच्यानंही काही बोलावं अशी त्यांची अपेक्षाच नसे. त्यातून वर्षानुवर्षं जनरेटरशेजारी उभं राहून त्यांचा उजवा कान जवळजवळ गेलेला, आणि फोन ते नेमका त्याच कानाला लावत. (डावा ठणठणीत होता. तो ते समोर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवत!)

मोबाईलमधली नावं माझी धाकटी बहीण नसरीन हिनं भरलेली. अक्षरं इंग्रजी, पण शब्द अब्बांचे. 'पाटील कडक', 'पाटील गोड', 'आचारी', 'बँड', 'जनरेटर', 'बर्फ', 'गुरांचे डॉक्टर'. नुकतंच त्यात एक नाजूक नाव आलं होतं, 'दौंड व्याही'. म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले शेखसाहेब. त्यांच्या मुलासाठी नसरीनची बोलणी चालली होती. मुलगा चांगला, मास्तर होता. नसरीनला पसंत होता (असं ती बोलली नाही, पण दौंडचं नाव निघालं की ती उगाच पाणी प्यायला आत जायची). पुढच्या आठवड्यात ते सगळे तारीख काढायला येणार होते.

अशा वेळी अब्बांचा मोबाईल कापड धुवायच्या हौदात पडला.

दोन दिवस उन्हात वाळवल्यावर तो चालू झाला, पण बटणं बिघडली. दोन दाबलं की दोन वेळा दोन उमटायचं, पाच दाबलं की काहीच नाही, शून्य एकदा लागलं की सुटायलाच तयार नाही. शेवटी अब्बांनी नवा मोबाईल घेतला. जुन्यातली माणसं नव्यात आणायची होती.

"मी वहीत लिहून घेते आन् नव्यात भरते," नसरीन म्हणाली. "दोन तासांचं काम हाय."

मी हसलो. आठवलं की आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, पण मी हसलो. मी दौंडला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला माणूस. शिक्रापूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरीला, माझ्या टेबलावर कॉम्प्युटर! (त्यावर मी दिवसभर नटबोल्टच्या याद्या करायचो. पण ते घरी कुणाला माहीत नव्हतं.) शिक्रापूरला खोली घेऊन राहायचो, गुरुवारी सुट्टी, तेव्हा घरी. घरीही जुळवून आणलेला एक कॉम्प्युटर होता आणि त्याला लावायला मी नुकतंच अंगठ्याएवढं एक ब्लूटूथ आणलं होतं.

"हातानं?" मी म्हणालो. "नसरीन, जग कुठं चाललंय आणि तू वही काढतेस? एक बटण दाबलं की सगळी माणसं कॉम्प्युटरमध्ये. दुसरं दाबलं की नव्या मोबाईलमध्ये. अब्बा, तुम्ही फक्त बघत राहा."

अब्बा खुर्ची घेऊन बघायला बसले.

"वायर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"वायर नाही अब्बा. हवेतून जातं."

अब्बांनी मोबाईल पाहिला, कॉम्प्युटर पाहिला, मग मधली मोकळी जागा पाहिली. तिथं हात फिरवून बघितला. "सलीम, चाळीस वर्सं मांडवाची लाईट जोडतोय. वायर न्हाई तिथं करंट न्हाई."

"हे करंटचं काम नाही."

"मग कशाचं हाय?"

हे मलाही नीट माहीत नव्हतं. मी घाईनं ब्लूटूथबरोबर आलेली सीडी घातली. (आमच्या घरात तसं आम्ही आमची गावठी हिंदी बोलतो. पण अब्बांना राग आला किंवा संशय आला की ते मराठीत उतरतात. हा सगळा प्रकार पहिल्यापासून मराठीत घडला, यावरून काय ते समजा.)

सीडी चालली. कॉम्प्युटर आजूबाजूचे मोबाईल शोधायला लागला. आमचं घर हायवेला लागून, शेजारी ढाबा. पडद्यावर पहिलं नाव आलं, 'रॉकी'. मग दुसरं आलं, 'दिलवाला'. अब्बांचा मोबाईल कुठंच नाही.

"दिलवाला कोण?" अम्मीनं मागून विचारलं. ती भाजी निवडत होती, पण लक्ष इकडंच होतं.

"मला काय ठाऊक?" अब्बा म्हणाले.

"तुमच्याच मोबाईलचं चाललंय ना? मग दिलवाला कोण?"

"अम्मी, तो ढाब्यावरच्या कुठल्यातरी ट्रकवाल्याचा मोबाईल आहे," मी म्हणालो. तेवढ्यात बाहेर एक ट्रक सुरू झाला, भोंगा वाजला आणि पडद्यावरून दिलवाला नाहीसा झाला. "बघ, गेला सोलापूरकडं!"

अम्मीनं भाजीचं ताट उचललं आणि ती जवळ येऊन बसली. आता तिला यात रस वाटायला लागला होता.

अब्बांच्या मोबाईलचं ब्लूटूथ बंदच होतं. ते चालू केल्यावर कॉम्प्युटरला मोबाईल दिसला. मग कॉम्प्युटरनं गुप्त आकडा मागितला. तोच आकडा मोबाईलमध्येही टाकायचा, आणि तोही अर्ध्या मिनिटाच्या आत. मी एक दोन तीन चार टाकला. मोबाईलवर उमटलं एक एक दोन दोन तीन तीन तीन चार चार. जोडणी नामंजूर! मग चार शून्य टाकायला गेलो, तर शून्य धरूनच बसलं. सतरा शून्यं. नामंजूर! आम्ही एकेक बटण दाबून तपासलं, तर धड चालणारी दोनच निघाली, सात आणि नऊ. शेवटी सात नऊ सात नऊ टाकलं. टिंग आवाज झाला आणि कॉम्प्युटर आणि मोबाईल एकमेकांना ओळखायला लागले.

मी कुटुंबाकडं विजयी नजर टाकली. पहिली माणसं यायला लागली. एक, दोन, पाच, वीस...

आणि मोबाईल वाजला. अब्बांनी तो उचलला, कानाला लावला आणि "दोनशे खुर्च्या हायत, लाल, याच्या पलीकडं न्हाईत," असं बोलत बोलत सवयीनं अंगणात गेले. जोडणी तुटली.

"अब्बा, लांब जायचं नाही! तुम्ही गेला की माणसं तुटतात."

"किती आली?"

"त्रेचाळीस."

"बाकीची कुठं हायत?"

"हवेत," माझ्या तोंडून गेलं.

अब्बांनी वर पाहिलं. वर पंखा गरगरत होता. "तो बंद करा आधी!" ते ओरडले. आणि अम्मीनं खरोखर उठून पंखा बंद केला. मे महिन्याची दुपार, वर तापलेले पत्रे, आणि आम्ही चौघं घामाघूम होऊन, श्वास रोखून, माणसं उडून जाऊ नयेत म्हणून बसलेलो! नसरीन तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मीही तिला काही बोललो नाही, कारण पंखा बंद झाल्यावर, का कोण जाणे, गाडी एकशे अठरापर्यंत गेली.

मग पुन्हा फोन वाजला. या वेळी अब्बा हलले नाहीत. शहाण्यासारखे जागेवर बसून बोलले. पण बोलताना त्यांना हात नाचवायची सवय. त्या हाताचा फटका बसून माझं अंगठ्याएवढं ब्लूटूथ कॉम्प्युटरमधून निसटलं आणि अम्मीच्या मेथीत पडलं.

तिसऱ्या खेपेला मात्र, दोनच्या लोडशेडिंगला दहा मिनिटं असताना, सगळी आली. दोनशे चौदा!

"मोज," अब्बा म्हणाले.

"कॉम्प्युटरनं मोजलीत."

"परत एकदा मोज. खुर्च्या आपण दोनदा मोजून घेतो."

मोजली. बरोबर भरली. इथं मी थांबलो असतो तर आज माझी घरात काही किंमत असती. पण यादी अस्ताव्यस्त दिसत होती. 'बर्फ'च्या खाली 'पाटील गोड', त्याखाली 'आचारी'. माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. म्हटलं, नावं अक्षरानुसार लावून देऊ. नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि दोन पर्याय दिले. मी दुसरा निवडला. त्यात 'पुढे चला' अशा अर्थाचं काहीतरी होतं, आणि मला पुढंच जायचं होतं!

नावं झर्रकन रांगेत लागली. काय सुंदर यादी दिसत होती! मी ती ब्लूटूथनं नव्या मोबाईलमध्ये पाठवली. एकाही अडचणीशिवाय गेली. जुना मोबाईल अम्मीला द्यायचा म्हणून त्यातली सगळी माणसं पुसून तो स्वच्छ केला. "राहू दे ना चार दिवस," नसरीन म्हणाली. "कशाला?" मी म्हणालो. कॉम्प्युटरवरची जुनी यादीही काढून टाकली, उगाच दोन याद्यांचा गोंधळ नको म्हणून.

अब्बांनी नव्या मोबाईलमध्ये 'आचारी' नाव शोधलं, ते पहिल्या झटक्यात सापडलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आठवतंय तेव्हापासूनची ती पहिलीच वेळ. "शिकलेलं वाया गेलं न्हाई," ते म्हणाले. त्याच धुंदीत मी शुक्रवारी पहाटे मोटारसायकलवरून शिक्रापूरला गेलो आणि स्टोअरमध्ये दोघातिघांना हा पराक्रम सांगितलाही.

पुढचं नसरीननं सांगितलं तसं सांगतो.

सकाळी आठ वाजता अब्बा खुर्ची टाकून कामाला लागले. रविवारी कवठे येमाईच्या पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. हेच ते 'पाटील कडक'. त्या मोसमातलं अब्बांचं सगळ्यात मोठं काम. चारशे पानांचा मांडव, जेवण, बँड, सगळं अब्बांच्या जिवावर सोडलेलं. अब्बांनी 'बँड' नाव काढलं आणि बटण दाबलं.

"ऐक. ऐतवारी सातला हजर पायजे. आन् पिऊन आलास तर मांडवात पाय ठिवू द्यायचा न्हाई, सांगून ठेवतो. मागल्या खेपेला नवरीम्होरं लोळत होतास. लाज कशी वाटली न्हाई?" फोन बंद.

मग 'आचारी'.

"चारशे पोटं हायत, चारशे! आत्ताच निघ. सगळं सामान घेऊन ये, काय कमी पडता कामा नये. उशीर झाला तर माझी इज्जत गेली." फोन बंद.

मग 'जनरेटर'. हा माणूस अब्बांचा जुना, पण त्याचं यंत्र फार खराब झालं होतं.

"हे बघ, तुझा आवाज लई व्हायलाय. धूर तर इतका सोडतोस की मान्सं जेवता जेवता खोकतात. लग्नाकार्यात असं बरं दिसत न्हाई. ह्या खेपेला मान्सांत यायचंच न्हाई. मांडवाच्या मागं, उकिरड्याकडं उभं राहायचं. आन् आतनं एकदा सगळं साफ करून घे, लई कचरा साठलाय." फोन बंद.

हे तिसरं बोलणं दौंडच्या शेखसाहेबांनी ऐकलं.

शेखसाहेबांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, पस्तीस वर्षं इंजिनांच्या आवाजावर ओरडून नोकरी केल्यामुळं ते साधं "पाणी द्या" म्हणाले तरी गल्लीतली कुत्री उठायची. आणि दुसरं, ते दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचे.

पाच मिनिटांनी अब्बांचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव आलं, 'जनरेटर'.

"आता काय?" अब्बा म्हणाले. "डिझेल पायजे का?"

पलीकडून काहीतरी मोठमोठ्यानं ऐकू येत होतं, पण कान उजवा.

"बघ, आत्ता बी किती आवाज करतोस! बंद कर आधी!"

लगेच पडद्यावर 'बँड'. म्हणजे, अर्थातच, पाटील कडक. अब्बांनी त्यांना "सकाळी सकाळीच घेतलीस काय?" असं विचारलं. त्यानंतर पाटलांचा फोन आला नाही. पाटील स्वतःच निघाले.

अकरापर्यंत अब्बांना कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी बोलावलेलं कुणीच येईना आणि न बोलावलेले लोक फोनवर भांडत होते. अम्मीनं मोबाईलची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या तीनदा ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला, मोबाईलवर परिणाम शून्य. शेवटी अब्बांनी मला फोन लावला. 'सलीम' नाव काढलं आणि बटण दाबून म्हणाले, "बापाची इज्जत मातीत घालवलीस. घरी ये, तुला सरळच करतो!" हे बिचाऱ्या बर्फवाल्यानं ऐकलं. त्याचे वडील वारून सहा वर्षं झाली होती. तो दोन दिवस तापानं आजारी होता, असं नंतर कळलं.

नसरीनला माझा नंबर पाठ होता. तिनं अम्मीला दिलेल्या जुन्या मोबाईलवरून मला फोन केला. सात आणि नऊ सोडून बाकीची बटणं दाबायला तिला किती वेळ लागला असेल, देव जाणे.

"भाई, आत्ताच्या आत्ता घरी ये."

"का? मोबाईल चालत नाही का?"

"चालतोय," ती म्हणाली. "लई चालतोय."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. चारच्या सुमाराला अंगणात पोचलो, तर मांडवच घातल्यासारखी गर्दी. लिंबाखाली आमच्याच लाल खुर्च्यांवर तीन पाहुणे बसले होते. पहिले पाटील. कवठे येमाईपासून यवतपर्यंत राग टिकवून धरणं सोपं नाही, मध्ये कितीतरी गावं लागतात. पाटलांनी टिकवला होता. शेजारी दौंडकडचे गुरांचे डॉक्टर, पायाशी औषधांची दोन खोकी आणि एक भला मोठा पंप. त्यांना 'आचारी' समजून केलेला फोन गेला होता, आणि चारशे पोटं म्हटल्यावर ते चारशे मेंढरांची पोटं फुगली असं समजून जीप भरून आले होते. तिसरे शेखसाहेब. ते कुणाकडंही न बघता बसले होते. त्यांच्या बेगम आत अम्मीपाशी होत्या. नसरीन दाराआड उभी.  कालपर्यंत दौंडचं नाव निघालं की लाजणारी ती, आता पांढरीफटक पडली होती.

"म्या माळकरी मानूस!" पाटील अब्बांना म्हणत होते. "माज्या पोरीच्या लग्नात मलाच मांडवात येऊ देनार न्हाई? आन् म्या लोळत हुतो व्हय? कवा? सांगा की, कवा लोळलो म्या?"

"मेंढरं कुठं हायत ते तरी सांगा," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला तर एकबी वाचायचं न्हाई."

शेखसाहेब म्हणाले, "बाबूभाई, मी सोयरीक मोडायला आलोय." ते हळू बोलायचा प्रयत्न करत होते. तरी लिंबावरचे कावळे उडाले.

अब्बा मध्ये उभे होते. चाळीस वर्षं मांडवाचा भार पेललेला माणूस, आणि आज हातातला मोबाईल नुसता उलटासुलटा करत होता. आपण कुणाला काय बोललो ते त्यांना आठवत होतं, पण ते याच लोकांना का लागलं ते कळत नव्हतं. मला पाहिल्यावर त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला.

नसरीन दाराआडून कुजबुजली, "नावं सरकवलीस. नंबर तिथंच ऱ्हायले."

मी 'सलीम' काढून बघितलं. खाली बर्फवाल्याचा नंबर. माझ्या लक्षात आलं आणि मे महिन्यात अंगावर काटा आला. तरीही मी आधी काय म्हणालो असेन? "व्हायरस असणार!" दाराआडून नसरीन खाकरली. मग मात्र मी कबूल केलं. मी केलं, सगळं मी केलं. यादी, रकाना, अक्षरानुसार, दुसरा पर्याय. दहा मिनिटं मी कॉम्प्युटरच्या भाषेत कबुली देत होतो आणि कुणालाही एक अक्षर कळत नव्हतं.

"थांबा, दाखवतो," मी म्हणालो. "पाटील, जरा उठा. तुम्ही डॉक्टरांच्या खुर्चीत बसा. डॉक्टर, तुम्ही शेखसाहेबांच्या. शेखसाहेब, तुम्ही पाटलांच्या."

तिघंही इतके चक्रावले होते की खरंच उठून बसले.

"आता खुर्च्या हलल्या का? नाही. माणसं हलली. खुर्च्या म्हणजे नंबर. अब्बांनी बोलावलं आपल्या माणसाला, पण त्या खुर्चीत बसला होता दुसराच!"

अब्बा खुर्च्यांकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी पंगतीत ताटं तिथंच, आन् मान्सं उठून दुसऱ्याच्या ताटावर बसली?"

"हां! अगदी!"

"इतकं सोपं हाय," अब्बा म्हणाले, "मग तुला कोर्स करून बी कसं कळलं न्हाई?"

मी डॉक्टरांची औषधांची खोकी एकावर एक नीट रचायला लागलो. 

शेखसाहेब मात्र अजून गणित जुळवत होते. "म्हणजे तो आवाज... तो धूर..."

"जनरेटरला म्हनलो हो!" अब्बांनी हात जोडले. "तुमाला कसं म्हनीन? माझी पोरगी तुमच्या घरात द्यायचीय!"

"आणि आतनं साफ करून घे, कचरा साठलाय, ते?"

"टाकीतला कचरा! डिझेलच्या!"

 तेवढ्यात घरातून कुणीतरी हसलं. शेखसाहेबांच्या बेगम डोळ्याला पदर लावत बाहेर आल्या. त्यांना हसू आवरेना.

"जनरेटरला असू दे नाहीतर कुणाला," त्या म्हणाल्या, "पण एक शब्द चुकला नव्हता! बत्तीस वर्षं मी हेच सांगतेय. आवाज कमी करा, धूर कमी करा, कार्यात गेलात की मागं उभे राहून ओढा. कधी ऐकलंत? आज सकाळपासून बिडीला हात लावला नाही बघा यांनी!"

शेखसाहेबांनी मान खाली घातली. खरंच लावला नव्हता.

"हे निघाले सोयरीक मोडायला," बेगम पुढं म्हणाल्या. "मी म्हटलं, मी पण येते. यांच्या तोंडावर इतकं खरं बोलणारा माणूस मला एकदा बघायचाय. बाबूभाई, पोरगी आमची. तारीख आजच काढा."

दाराआड एक भांडं पडलं. नसरीन पाणी प्यायला आत गेली होती.

पाटील कडकच ते, हसले नाहीत. पण उठताना अब्बांना म्हणाले, "ते बँडवाल्याला म्हननार हुता ते म्हना मातुर. तो खरंच पितो." डॉक्टरांनी आलोच आहे तर म्हणून अम्मीची शेळी तपासली आणि चहा घेऊन गेले. त्याच संध्याकाळी मी मोटारसायकलवरून आचारी, बँड आणि जनरेटरवाल्याच्या घरी जाऊन निरोप दिले. शनिवारी पहाटे अब्बा स्वतः कवठे येमाईला गेले आणि मांडवाची प्रत्येक गाठ आपल्या हातानं बांधली. रविवारचं लग्न झोकात पार पडलं.

माझं काय झालं? मोबाईलमधली नावं-नंबर परत जुळवायचे होते. ते काम अब्बांनी मला दिलं, कॉम्प्युटरशिवाय करायचं या अटीवर. पुढचे चार गुरुवार मी मोटारसायकलवर वही घेऊन गावोगाव हिंडलो. दारात उभं राहून विचारायचं, "तुमचा नंबर सांगता का?" आणि प्रत्येक दारात तेच, "अहो, या की बसा! ते मेंढरांचं कसं झालं म्हणता?" बर्फवाल्यानं तर मला पाहून दार लावून घेतलं. त्याचा नंबर मी त्याच्या गाडीवरून उतरवून घेतला.

तीन महिन्यांनी नसरीनचा निकाह झाला. मांडव अब्बांचाच. निकाहाच्या वेळी नसरीन इतकं हळू बोलली की तिचं "कबूल" ऐकू आलं नाही म्हणून तिची संमती विचारायला आलेल्या वकिलांना आणि साक्षीदारांना पुन्हा विचारावं लागलं. सकाळपासून तिनं मान वर केली नव्हती. जेवणं झाल्यावर नवरा-नवरीला शेजारी बसवून फोटो काढले. नवऱ्याच्या भावानं बरेच फोटो मोबाईलवर काढले होते.

तो माझ्याकडं आला. चांगला नम्र मुलगा. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "भाईजान, तुमच्याकडं कॉम्प्युटर आणि ब्लूटूथ आहे ना? एवढे फोटो जरा घेता का?"

मी हात पुढं केला.

"नको!" नवरी ओरडली.

ती दुपट्टा सावरत उभी राहिली होती.  आचाऱ्याचा झारा हातातच राहिला, आणि पलीकडं ढाब्यावर जेवणारे ट्रकवाले उठून बघायला लागले. शेखसाहेबांच्या बेगम आपल्या नवऱ्याकडं बघून समाधानानं म्हणाल्या, "आवाज आपल्या घराला शोभेसा आहे."